सासूबाईंच्या डोक्यावर

आई कामावरून आली की पहिला अर्धा तास आमच्या घरात कुणी तोंड उघडत नाही. नियम तिचा आहे. ती टॉवर क्रेन चालवते. केबिनमध्ये आठ तास तिच्या कानाशी वॉकीटॉकी खरखरत असतो. डावीकडे घे, अजून थोडं, बास, अहो बास म्हटलं ना! त्यामुळे घरी आल्यावर तिला माणसाचा आवाज नकोसा होतो. मग आम्ही हातांनी बोलतो. म्हणजे क्रेनच्या खुणांनी. अंगठा वर केला की उचल, खाली केला की खाली घे, एका हातावर दुसरा पंजा स्थिर धरला की हळू. बाबा चहाचं भांडं दाखवून अंगठा वर करतात. आई पंजा धरते, म्हणजे दहा मिनिटांनी. क्रेनच्या भाषेत प्रश्नचिन्ह नाही, सगळ्या आज्ञाच. तरी एकदा आईने माझं प्रगतिपुस्तक समोर धरून अंगठा खाली केला होता, आणि मी हात लांब करून क्रेनचा दांडा दुसऱ्या बाजूला फिरवायची खूण केली होती. विषय बदलला नाही, पण ती हसली.

या अर्ध्या तासाचा सगळ्यात जास्त त्रास बाबांना होतो. ते सलूनमध्ये केस कापतात. दिवसभर कात्री आणि तोंड एकाच वेगाने चालवणारा माणूस घरी येऊन गप्प बसतो, तेव्हा त्याच्या मिशा हलताना दिसतात. एकतिसाव्या मिनिटाला ते जे सुरू होतात, ते जेवण संपेपर्यंत.

आई जिथे काम करते तिथे वीस मजली इमारत उभी राहते आहे. साइटवरच्या लोकांनी क्रेनना नावं दिलेली आहेत. आई चालवते ती जुनी, पिवळी, वळताना कण्हणारी क्रेन म्हणजे काकू. यंदा अकराव्या मजल्यावर पोचल्यावर काकूची उंची संपत आली आणि शेजारी नवी आणली, पांढरीशुभ्र, ऐंशी मीटर. तिचं नाव पहिल्याच दिवशी पडलं, सासूबाई. कारण तिला वरून सगळं दिसतं आणि स्वतः खाली यायची तिला कधी गरज पडत नाही.

सासूबाईवर कोण बसणार, यासाठी चाचणी ठेवली होती. उमेदवार दोन. एक आई, दुसरा लंबू. लंबू चार वर्षांपूर्वी आईच्याच हाताखाली शिकला. उंच, हसरा, प्रत्येक वाक्याआधी "तसं नाही ताई" म्हणणारा.

"तू त्याच्यापेक्षा चांगली आहेस ना?" मी विचारलं होतं.

"मी जुनी आहे. चांगली आहे की नाही ते चाचणीत कळेल."

"म्हणजे चांगली आहेस."

"म्हणजे भांडी पूस."

पण तिला ती क्रेन किती हवी होती, ते आम्हाला माहीत होतं. मी चार वर्षांची असताना तिने प्रशिक्षण घेतलं. त्या वेळी बाबांना त्यांच्या मालकांनी नव्या शाखेचा मुख्य म्हणून बोलावलं होतं. तिथे रात्री दहापर्यंत थांबावं लागणार होतं आणि मला शाळेतून आणायला कुणीतरी हवं होतं. बाबा जुन्याच खुर्चीपाशी राहिले. ते हे कधी बोलून दाखवत नाहीत. फक्त त्या शाखेवरून जाताना पाटीकडे बघत नाहीत. त्यामुळे आईला सासूबाई मिळणं हे तिच्या एकटीचं राहिलं नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं. ती म्हणायची, "एवढं सगळ्यांना नाचवलं, आता अर्ध्यावर काय बसायचं?"

आता पाण्याचं सांगते, कारण गडबड तिथे होती.

काकूच्या शिडीला दोनशे दहा पायऱ्या आहेत आणि सासूबाईच्या शिडीला तीनशे चाळीस. केबिनमध्ये संडास नसतो. उतरायला दहा मिनिटं, चढायला वीस, आणि मधली जी काही लागतील ती. तोवर खाली काँक्रीटची बादली लटकत राहते, बारा माणसं हातावर हात ठेवून उभी राहतात आणि सुपरवायझर घड्याळाकडे बघत राहतो. पुरुष चालक वर जाताना एक रिकामी बाटली नेतात. आईने वेगळा उपाय काढला होता. पाणीच प्यायचं नाही. पहाटे पाचला अर्धा कप चहा, मग पाळी संपेपर्यंत ओठ ओले होतील एवढंच. अकरा वर्षं. तिला याचा अभिमान होता. "माझ्यामुळे कधी एक बादली थांबली नाही," असं ती पाहुण्यांनाही सांगायची. का थांबली नाही ते सांगायची नाही.

पहिली चक्कर आली ती स्वयंपाकघरात. ती खालच्या कप्प्यातून कढई काढून उभी राहिली आणि फ्रीजला धरून राहिली. फ्रीजला अशी मिठी मारून उभा असलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

"काय झालं?"

"काही नाही. पटकन उठले."

"तुझा चेहरा पांढरा पडलाय."

"ट्यूबलाइटमुळे."

दुसरी चक्कर आली ती बसथांब्यावर. या वेळी तिने मलाच धरलं. मी तिच्यापेक्षा आता दोन बोटं उंच आहे, त्यामुळे सोयीचं झालं. बस आली, गेली, आम्ही तिथेच. मग ती म्हणाली, "बाबांना सांगायचं नाही. त्यांना सांगणं म्हणजे चौकात फलक लावणं." हे खरंच होतं. बाबांच्या सलूनमध्ये लंबूचे वडील दाढी करायला येतात.

चाचणीआधी वैद्यकीय तपासणी असते. त्या दिवशी आईला सुट्टी होती आणि शाळेला पण, म्हणून ती मला घेऊन गेली. एक चार पानी फॉर्म भरायचा होता. आईचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून पेन माझ्याकडे आलं. ती उत्तरं सांगत होती, मी लिहीत होते. चष्मा नाही. ऐकू व्यवस्थित येतं. उंचीची भीती?

"हा काय प्रश्न आहे!" आई म्हणाली. "लिही, नाही."

प्रश्न सतरा. गेल्या सहा महिन्यांत चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, तोल जाणे?

"नाही," आई म्हणाली.

मी पेन टेकवलं आणि तसंच धरून बसले.

"लिही ना."

"आई, पण..."

"तुला अक्षरासाठी बसवलंय. डोकं चालवायला नाही."

मी लिहिलं. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सुवाच्य 'नाही' असेल. मग डॉक्टरांनी तिचा रक्तदाब-बिब तपासला. सगळं ठीक निघालं. सुट्टी होती ना, ती सकाळपासून पोटभर पाणी प्यायली होती.

घरी येताना मी तिला म्हटलं, "क्रेनखाली माणसं असतात."

"क्रेनखाली माणसं असतात हे तू मला सांगणार? अकरा वर्षं त्यांच्याच डोक्यावर बसलेय मी."

"मग?"

"मग काय? चक्कर येते ती उठताना येते. केबिनमध्ये मी बसलेली असते."

मी त्यावर दोन चौक विचार केला. या वर्षी मी वर्गात वादविवादात कुणाला ऐकत नाही. गेल्या वर्षापर्यंत बोलायला हात वर करायचा म्हटलं की माझा खांदा दुखायचा, आणि आता बाई म्हणतात जरा दुसऱ्यांनाही बोलू दे. पण आईच्या त्या वाक्यात मला खोट सापडली नाही. ती बसलेलीच असते. 

चाचणीच्या दिवशी सकाळी मी लवकर उठले. न्हाणीघराचं दार अर्धं उघडं होतं. आई पालथ्या बादलीवर बसली होती, डोकं गुडघ्यांत.

मी दारात उभी राहिले. तिला माझे पाय दिसले असणार.

"साबण शोधतेय," ती म्हणाली.

साबण साबणाच्या जागी होता. आणि ती बसलेली होती. उठत नव्हती. एवढ्यावरून मला खोट सापडली.

"आई, आज नको जाऊ."

ती हळूहळू उभी राहिली, तोंड धुतलं, टॉवेल व्यवस्थित दोरीवर टाकला. "आज नाही गेले तर कधीच नाही. एवढंच तुला कळायला हवं," ती म्हणाली, आणि हेल्मेट घेऊन गेली. चहाही घेतला नाही.

बाबा नऊला उठून शीळ घालत दाढी करत होते. चाचणी बघायला घरच्यांना परवानगी होती. त्यांनी त्यासाठी अर्धा दिवस रजा काढली होती आणि स्वतःच्या केसांना काहीतरी लावलं होतं. मी त्यांना सांगणार होते. शप्पथ, तोंड उघडलं होतं. पण ते इतके खूश होते की मी विचारलं, "बाबा, हे काय लावलंय?" आणि मग तेच सांगत राहिले, कुठली कंपनी, किती टिकतं.

साइटवर दोरी बांधून लोकांना एका बाजूला उभं केलं होतं. दोरीच्या पलीकडे, माझ्यापासून सात-आठ पावलांवर, खुणाकाका. ते आईचे खालचे डोळे. क्रेनचालकाला खालून खुणा देणं हे त्यांचं काम, म्हणून सगळी साइट त्यांना तेच म्हणते. लहानपणी मी डबा द्यायला जायचे तेव्हा खुणा मला त्यांनीच शिकवल्या. चालकाने एकाच माणसाच्या खुणा पाळायच्या, बाकी कुणी कितीही हात हलवो. फक्त एका खुणेला हा नियम नाही. दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत लांब, तळवे खाली, म्हणजे ताबडतोब थांब. ही कुणीही द्यायची. साहेबाने दिली, चहावाल्याने दिली, रस्त्यावरून जाणाऱ्याने दिली, चालकाने आधी थांबायचं, विचारायचं नंतर.

परीक्षक बाहेरून आले होते. बुटके, हातात पाटीला लावलेले कागद, चेहऱ्यावर काही नाही. चाचणी अशी की दोन टनांचा सिमेंटचा ठोकळा उचलायचा, आठ खांबांमधून नागमोडी फिरवायचा आणि खडूने आखलेल्या चौकोनात ठेवायचा. ठोकळ्यावर काठोकाठ पाणी भरलेलं पिंप. पाणी जितकं सांडेल तितके गुण कमी.

लंबू आधी गेला. त्याने छान केलं. सहाव्या खांबापाशी पिंपातून एक लाट बाहेर आली, बाकी नीट. खाली आल्यावर बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्या कानात म्हणाले, "लाट बघितलीस ना?"

मग आई. ती शिडी चढत असताना मी पायऱ्या मोजत नव्हते, ती किती वेळा थांबते ते मोजत होते. दर टप्प्यावर. काकूच्या शिडीवर ती एकदाच थांबते.

"दमानं चाललीये. शक्ती राखून ठेवतेय," बाबा म्हणाले.

ठोकळा उचलला गेला. पहिला खांब, दुसरा, तिसरा. पिंपातलं पाणी आरशासारखं. लोकांनी बोलणं बंद केलं. आईचं लोड, म्हणजे टांगलेलं ओझं, झुलत नाही. ही तिची ओळख आहे, साइटवरचे लोक म्हणतात ताई लोड उचलत नाहीत, हवेत ठेवून देतात. चौथा खांब. खुणाकाका मागे मागे सरकत होते, हात हलके, एखाद्या बाळाला चालायला शिकवावं तसे.

पाचव्या खांबाला लोड झुललं.

जास्त नाही. एक वीत इकडे, एक वीत तिकडे. एका बाईने "वारा" म्हटलं. मी साइटच्या झेंड्याकडे पाहिलं. तो काठीला चिकटून झोपला होता. लोड पुन्हा झुललं, आणि खुणाकाका त्याच्या पुढ्यात होते.

माझे दोन्ही हात बाजूला गेले. लांब, सरळ. तळवे खाली.

लोड थांबलं. एका सेकंदात, हवेत, खिळ्याला टांगल्यासारखं. पाण्याचा एक थेंब सांडला नाही.

मग एकदम सगळे बोलायला लागले. परीक्षक वॉकीटॉकीत ओरडले, "का थांबलात?"

आईचा आवाज आला, खरखरत, पण नेहमीसारखा. "खालून थांब आला."

"कुणी दिला?"

खुणाकाका वळले. त्यांनी मला पाहिलं. माझे हात अजून तसेच होते. बाबांनी माझं मनगट धरून खाली ओढलं. "अगं काय करतेस! हात खाली कर!" मग परीक्षकांकडे बघून, सलूनमधलं सगळं हसू गोळा करून म्हणाले, "लेकरू आहे हो साहेब. आनंदाच्या भरात हात पसरले. आईवर फार जीव."

लोक हसले. लंबूही हसला. परीक्षक हसले नाहीत, पण त्यांचा आवाज खाली आला. "थांबची खूण आली म्हणून थांबल्या, हे बरोबरच आहे. गुण कापत नाही. मुलीला मागे घ्या. चालू करा."

म्हणजे सगळं पुसलं गेलं होतं. मला आनंद झाला म्हणून मी हात पसरले. आईने उलट शिस्त दाखवली. तीन खांब राहिले होते, पाणी काठोकाठ होतं, लंबूची लाट सांडून झाली होती. तिला फक्त "चालू करते" म्हणायचं होतं.

पण आनंदात हात पसरणारी मुलगी तळवे वर करते, नाहीतर मुठी आवळते. वरून आईला माझ्या हातांची पाठ दिसली असणार.

वॉकीटॉकीत नुसती खरखर.

"ताई?" खुणाकाका म्हणाले. "सुरू करू?"

खरखर.

"ताई, ऐकू येतंय ना?"

"येतंय, दादा. बाजूला व्हा," आई म्हणाली. "लोड खाली घेते. आज एवढंच."

तिने ठोकळा सरळ खाली ठेवला, चौकोनाच्या बाहेर, मातीत. पाणी हललं सुद्धा नाही. बाबा म्हणाले, "काय? काय म्हणाली ती?" आणि माझ्याकडे बघायला लागले.

तिला खाली यायला चाळीस मिनिटं लागली. खुणाकाका अर्ध्यापर्यंत वर गेले आणि तिच्या खालच्या पायरीवर राहून एकेक पायरी उतरत आले. जमिनीवर आल्यावर तिने हेल्मेट काढून परीक्षकांच्या टेबलावर ठेवलं.

"मला चक्कर येते. तीनदा आलीय, आज सकाळीही. आता वर एकदा डोळ्यांपुढे अंधारलं. फॉर्मवर 'नाही' लिहिलंय ते खोटं आहे. मी लिहायला लावलं."

परीक्षकांनी कागद चाळले, सतरावा प्रश्न काढला, पाहिला. "अक्षर सुंदर आहे," ते म्हणाले. मला वाटतं त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

आईला सहा आठवडे जमिनीवर ठेवलं आणि ताकीद देणारं पत्र दिलं. सासूबाई लंबूला गेली. रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंडांवर ताण आहे, रक्तही कमी आहे, आणि दोन्हीला वेळेत पकडलंय.

"औषध?" आईने विचारलं.

"एक गोळी. आणि पाणी प्या. दर तासाला."

"बस, एवढंच?"

"एवढंच करायला तुम्ही अकरा वर्षं घेतलीत," डॉक्टर म्हणाले.

बाबा मात्र सगळ्यांपेक्षा जास्त बिघडले. मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं, हे त्यांना खूप लागलं. "म्हणजे मी घरात काय, केसच कापायला आहे?" असं ते एकदा म्हणाले आणि मग तीन दिवस काहीच म्हणाले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातून एका गिऱ्हाइकाची बट कानाच्या वर गेली. मालकांनी त्यांना घरी पाठवलं. दुपारी तीन वाजता बाबा घरी, तपासण्यांच्या रजेमुळे आईही घरी. दोघं स्वयंपाकघरात किती वेळ बोलत होते कुणास ठाऊक. मी शाळेतून आले तेव्हा आई म्हणत होती, "मला भीती वाटली, तुम्ही म्हणाल सोड." आणि बाबा म्हणत होते, "म्हटलंच असतं. मग तू ऐकलं नसतंस. मग निदान भांडण तरी झालं असतं, हे असं गुपचूप काय!"

माझ्याशी आई चौथ्या दिवशी बोलली. मी भांडी पुसत होते.

"लोड झुललं म्हणून दिलीस खूण?"

"हो."

"किती झुललं?"

"एक वीत."

"दोन," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा दोन झालं. तुला तिथून दिसलं नाही."

मी ताटली ठेवली. आता रागावेल असं वाटलं, नाहीतर जवळ घेईल. तिने दोन्हीपैकी काही केलं नाही.

"खूण तू दिलीस, बरोबर दिलीस. पण लोड खाली घ्यायचं की पुढे न्यायचं ते मी ठरवलं. मला चालू करा म्हणाले होते. ते तुझ्यामुळे झालं असं कुणाला सांगत फिरू नकोस."

"नाही सांगणार."

"मैत्रिणींनाही नाही."

"एकीला सांगितलं."

"कार्टे," आई म्हणाली आणि उरलेल्या ताटल्या स्वतः पुसल्या.

पाचव्या आठवड्यात मॅनेजरने तिला बोलावलं. नव्या चालकांना शिकवायची जागा निघाली होती. जमिनीवर. सकाळी नऊ ते पाच, खुर्ची, पंखा, शनिवार-रविवार सुट्टी. संडास दहा पावलांवर. बाबा तर उड्याच मारायला लागले. त्यांनी लगेच संध्याकाळचे बेत आखले, आम्ही तिघं कुठे कुठे जाऊ शकतो त्याचे. मीही खूश झाले, खोटं कशाला बोलू. आई त्या पाच आठवड्यांत रोज साडेपाचला घरी असायची, एरवी जादा कामात सात वाजायचे. माझा इतिहासाचा प्रकल्प तिने बघितला होता. त्यात तीन चुका काढल्या होत्या, त्यातल्या दोन खऱ्या.

तिने आठ दिवस घेतले, आठही दिवस शिकवून बघितलं. मग एका रविवारी आम्हाला समोर बसवलं.

"खरं सांगा. मी खाली असले तर तुम्हाला बरं वाटेल?"

"हो," बाबा म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"मलाही वाटायला हवं होतं," ती म्हणाली. "रोज वाट बघितली वाटेल म्हणून. मुलं चांगली आहेत, शिकतात. मी त्यांना सांगते हे असं धर, ते तसं धर, आणि माझा हात शिवशिवत राहतो. त्या पंख्याखाली मी म्हातारी होईन."

बाबांनी बराच वेळ टेबलावरचा चमचा उलटा-सुलटा केला. "आणि पुन्हा चक्कर आली तर?"

"तर पहिलं तुम्हाला सांगेन. ते सोडून दुसरं काय विचारायचंय?"

"सासूबाईचं काय?" मी विचारलं.

"सहा महिन्यांनी दुसऱ्या पाळीसाठी चाचणी आहे. नाव दिलंय. मिळेल, नाही मिळणार. तोवर काकू."

तिने मॅनेजरला सांगितलं की तिला क्रेनच हवी, आणि मधल्या वेळात बसायला बदली चालक हवा. मॅनेजर म्हणाला, बदली चालक नाही. एवढ्यासाठी कोण माणूस ठेवतो? आई म्हणाली, मग मी अकराला आणि दीडला खाली येईन. मॅनेजर म्हणाला, काम थांबेल. आई म्हणाली, हो, थांबेल.

ती परत वर गेली तो पहिला दिवस शाळेच्या सुट्टीत आला. मी डबा द्यायला गेले होते. अकरा वाजता काँक्रीटची बादली इमारतीच्या मागे राहिलेल्या बाजूला, नवव्या मजल्याच्या उंचीवर होती. आईने ती खाली आणून जमिनीवर टेकवली, आणि वॉकीटॉकीत तिचा आवाज आला, "खाली येतेय." बस. कारण सांगितलं नाही.

नवव्या मजल्यावरचे लोक कठड्याशी येऊन बघायला लागले. कुणीतरी ओरडलं, "ताई, काय झालं?" खुणाकाकांनी खालून हात केला, काही नाही, बसा. बारा माणसं बसली. एकाने चप्पल काढून पायातला खडा झटकला. सुपरवायझर घड्याळ बघत इकडून तिकडे फेऱ्या मारत होता आणि दर फेरीला माझ्याकडे बघत होता, जणू शिडी मी लांब केली होती.

दहा मिनिटांनी आई उतरली. कपाळ घामाने चिंब. माझ्या हातून डबा घेतला, झाकण उघडून आत काय आहे ते पाहिलं, बंद केला. डब्याबरोबर आणलेल्या बाटलीतलं अर्धं पाणी उभ्याने प्यायली.

"ताई, जरा लवकर होईल का?" सुपरवायझर म्हणाला. अगदी नम्रपणे.

"नाही," आई म्हणाली, आणि पत्र्याच्या संडासाकडे गेली. तिथून आली, नळावर हात धुतले, कोपरापर्यंत. रुमाल सापडेना, तर माझ्या ओढणीला पुसले. मग उरलेलं पाणी संपवलं आणि रिकामी बाटली सुपरवायझरच्या हातात दिली.

"भरून ठेवा. दीडला लागेल."

तो बाटली धरून उभा राहिला. आई शिडीकडे निघाली होती. पहिल्या टप्प्यावर ती थांबली, श्वास घेतला, खाली बघितलं. माझ्याकडे नाही. बादली बरोबर जागेवर आहे ना, ते.